स्पॅमअसॅसिन काही महिने चालवल्यावर: फिल्टर उत्तम, राखण मात्र आपल्यालाच करावी लागते

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या मागे स्पॅमअसॅसिन हा स्पॅम-फिल्टर बसवून आता बरेच महिने झाले. सर्व्हर छोटाच आहे आणि खाती मोजकी. स्पॅम पकडण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. किती गुण झाले की मेल स्पॅम ठरते ती ५.० ही मुळातली गुणमर्यादा मी बदललेली नाही, आणि कामाची मेल स्पॅममध्ये गेल्याची ओरड क्वचितच येते. खरं काम आहे ते ही सेवा सतत जिवंत ठेवण्याचं.

ती बंद पडली तर कळतच नाही. स्पॅमडी (मागे सतत चालणारी तपासणीची सेवा) झोपला तरी स्पॅमसी (त्याच्याकडे मेल नेणारा छोटा प्रोग्रॅम) मेल अडवत नाही, न तपासता जशीच्या तशी पुढे ढकलतो. एका सकाळी इनबॉक्समध्ये लॉटरीवाले आणि औषधवाले रांगेने उभे दिसले. एका मेलचे हेडर उघडले, तर तपासणीचा निकाल सांगणारी एक्स-स्पॅम-स्टेटस ही ओळच गायब. गुण कमी पडले असते तरी ओळ असती. ओळच नाही म्हणजे मेल फिल्टरपर्यंत पोचलीच नाही. हा फरक ओळखता आला की अर्धा शोध तिथेच संपतो.

कर्नलच्या लॉगमध्ये कारण सापडलं: मेमरी संपली आणि अशा वेळी प्रोसेस मारून जागा मोकळी करणाऱ्या ओओएम किलरने स्पॅमडीचा बळी घेतला. पण मेमरी खाल्ली होती शेजारच्या क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने. व्हायरसच्या खुणांचा त्याचा संच एरवीच एक जीबीच्या आसपास जागा अडवतो, आणि नवा संच भरताना जुनाही काही वेळ मेमरीत राहतो. तेवढ्या वेळेपुरती गरज जवळपास दुप्पट होते. 'कॉन्करंट डेटाबेस रीलोड' बंद केल्यावर हा प्रकार थांबला. त्या बदल्यात संच बदलताना व्हायरस तपासणी थोडी थांबते, ते मला चालतं. सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' (पडली की पुन्हा सुरू कर) लावून ठेवलंय, पण त्यावर विसंबू नका. प्रोसेस जिवंत असणं आणि काम होत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आता पहारा प्रोसेसवर नाही, निकालावर आहे. जीट्यूब नावाची एक ठरावीक अक्षरमाळ स्पॅमअसॅसिन हमखास ओळखतो आणि तिला थेट १००० गुण देतो. ती असलेली चाचणीची मेल ठरावीक वेळाने आपोआप जाते. स्पॅमचा शिक्का न बसता परत आली, तर फोन वाजतो. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती, असं विचारलंत तर हीच.

न तपासता मेल पुढे सोडण्याचा स्पॅमसीचा उदारपणा बंदही करता येतो, पण जरा जपून. नुसता छोटा एक्स (-x) पर्याय दिला आणि स्पॅमडी पडला, तर पोस्टफिक्सच्या पाइपला कायमच्या अपयशाचा कोड मिळतो आणि मेल पाठवणाऱ्याकडे बाउन्स होते. सोबत मोठा एक्सही (-X) दिला, तर तेच अपयश तात्पुरतं ठरतं आणि मेल रांगेत थांबते. दोन्ही एकत्र द्या.

दुसरी डोकेदुखी डीएनएसची. लॉगमध्ये 'मॅक्स-चिल्ड्रन' (स्पॅमडीच्या एकाच वेळी चालणाऱ्या चाइल्ड प्रोसेसची) मर्यादा गाठली, आकडा वाढवा, असा सल्ला वारंवार दिसायला लागला. तो ऐकला की मेमरी आणखी जाते, म्हणजे पुन्हा ओओएम. खरं तर चाइल्ड प्रोसेस काम करत नव्हत्या, डीएनएसवरून विचारल्या जाणाऱ्या, स्पॅमवाल्यांच्या काळ्या याद्यांच्या उत्तरांची वाट बघत बसल्या होत्या. त्यात हेडरमध्ये 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' दिसत होतं. म्हणजे सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) विचारणा होत असल्यामुळे यादीवाले उत्तरच देत नव्हते. त्याचे गुण ०.००१, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पण फिल्टरचा एक डोळा मिटलेला असतो. त्याच मशिनवर अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवला, पण वरच्या कुठल्या रिझॉल्व्हरकडे फॉरवर्ड न करता, थेट विचारणारा. तपासणीचा वेळ लगेच खाली आला आणि मूळचे ५ चाइल्ड पुरायला लागले.

शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या बेज या भागाबद्दल थोडक्यात. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आणि त्याला शिकवणारं एसए-लर्न रूटने चालवलं, पण स्पॅमडी दुसऱ्याच युजरखाली चालतोय, तर शिकवणी भलत्याच घरी होते. एसए-लर्नचा, शिकलेल्या मेलची संख्या दाखवणारा 'डम्प मॅजिक' पर्याय स्पॅमडीच्याच युजरने चालवून आकडे वाढताहेत का ते बघा. मराठी मेलसाठी मी बेजवरच जास्त भिस्त ठेवतो, कारण मजकुराचे तयार नियम बहुतेक इंग्रजी स्पॅम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. डिसेंबर २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून यूटीएफ-८ ची (देवनागरीसारख्या लिप्यांच्या एन्कोडिंगची) बाजूही सुधारली आहे.

नियम रोज एसए-अपडेटने येतात; नवीन काही आलं तरच ते ० हा कोड देतं, त्यामुळे स्पॅमडी रीस्टार्ट त्यालाच जोडून टाका. डेबियन लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीवर जाणाऱ्यांनी हेही बघावं: सेवेचं नाव आता स्पॅमडी झालंय. जुन्या स्क्रिप्टमध्ये स्पॅमअसॅसिन असं नाव असेल तर ती रीस्टार्ट करायला जाते आणि हात हलवत परत येते. जुनेच नियम चालू राहतात.

आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम-फिल्टर वेगवान आहे, मान्य. सी आणि लुआमध्ये लिहिलेला आहे, पर्लमधल्या स्पॅमअसॅसिनच्या मानाने हलका. पण बेजसाठी सहसा रेडिस हा डेटाबेस सांभाळावा लागतो, म्हणजे राखायला आणखी एक सेवा. रोजची मेल लाखांत असती तर मी आजच गेलो असतो. छोट्या सर्व्हरला मी सध्या स्पॅमअसॅसिनच ठेवतोय, फक्त दोन जीबीपेक्षा कमी मेमरी असेल तर क्लॅमएव्ही त्याच मशिनवर बसवू नका.