लहान मुलाचा किल्ट: पट्ट्यांचा, बंडीचा की इलॅस्टिकचा?

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न बहुधा 25 जानेवारीच्या बर्न्स नाइटआधी (कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीचा सण) किंवा एखाद्या लग्नाचं आमंत्रण आल्यावर उभा राहतो. चार वर्षांच्या पोराला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकटीच्या कापडाचा, मागे चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, हवा असतो, घरात मशीन असतं आणि हात शिवणावर बसलेला असतो. मग तीन वाटा समोर येतात. पहिली म्हणजे मोठ्यांसारखा, कातडी पट्टे-बक्कलांचा पूर्ण पारंपरिक किल्ट. दुसरी, खऱ्या चुण्यांचा पण बिनबाह्यांच्या सुती बंडीला जोडलेला. तिसरी, कमरेत इलॅस्टिक किंवा वेल्क्रो घातलेला झटपट किल्ट. एकाच दिवसाचं लग्न असेल तर चौथी वाट सरळ आहे. एडिंबरा-ग्लासगोत लहान मुलांचे किल्ट भाड्याने मिळतात, ते घ्या आणि शिवणाची रात्र वाचवा.

शिवायचाच असेल तर माझं मत आधीच सांगते. तडजोड कमरेत करा, पाठीमागच्या चुण्यांत करू नका. किल्ट किल्टसारखा दिसतो तो मागून.

इलॅस्टिकचा किल्ट फसतो तो नेमका तिथेच. खऱ्या किल्टमध्ये चुण्या कमरेपासून खाली, एकूण लांबीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत, एकेक करून शिवून बसवलेल्या असतात आणि त्याखाली मोकळ्या सोडलेल्या असतात. त्यामुळे मूल पळालं की खालचा भाग झुलतो आणि थांबलं की आपोआप मिटतो. इलॅस्टिक ओढलं की वरच्या चुण्याच फाकतात, आणि दिसायला ती शाळेच्या गणवेशाची परकरवजा घडी होते. दोन वर्षांच्या मुलासाठी, फोटोपुरता आणि धुवायला सोपा म्हणून तो चालेल. पण चौकटीचं कापड तरी ॲक्रिलिकचं घेऊ नका. त्यावर इस्त्रीची घडी टिकत नाही आणि इस्त्री जास्त तापली तर ते वितळतं. पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं त्यापेक्षा बरं.

आता कापड. इथेच खरा हिशेब आहे. मोठ्या माणसाच्या किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास कापड लागतं, हे ऐकून पुष्कळ जण घाबरतात. मुलाचं गणित वेगळं. चार वर्षांच्या मुलाचा बसण्याचा घेर 56 सेंटिमीटर धरा. त्याचा निम्मा, 28 सेंटिमीटर, पुढचा सपाट पदर आणि उरलेला निम्मा मागच्या चुण्या. चुणीचा दिसणारा भाग दीड सेंटिमीटरचा ठेवला तर साधारण 18 चुण्या होतात. प्रत्येक चुणी टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकटीच्या कापडाच्या, नक्षीचा एक पूर्ण आवर्त (नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर) खाते. तो 10 सेंटिमीटरचा असेल तर चुण्यांनाच 180 सेंटिमीटर गेले. वरचा आणि आतला असे दोन पदर, बाजूची खोल घडी, झालर, दुमड यांचे 80-85. एकूण सुमारे 2.6 मीटर.

म्हणून कापड निवडताना रंगाआधी आवर्त मोजा. 15 सेंटिमीटरची मोठी चौकट घेतली तर कापड वाढतंच, शिवाय 33 सेंटिमीटर लांबीच्या किल्टवर चौकट उभी दोनदाच बसते आणि मुलापेक्षा नक्षी मोठी दिसते. वजनात यार्डामागे 10-11 औंसाची हलकी लोकर मुलाला पुरते. 16 औंसाची जाड लोकर मोठ्यांवर छान पडते, मुलाच्या कमरेवर मात्र तिचं ओझं होतं.

अजून एक गोष्ट. पारंपरिक किल्टला हेम, म्हणजे खाली दुमडून शिवलेली कड, नसतं. खालची कड म्हणजे कापडाचा विणलेला मूळ काठच. त्यामुळे दुप्पट पन्ह्याचं, 140-150 सेंटिमीटर रुंदीचं कापड घेतलं तर दोन्ही काठांकडून एकेक पट्टी निघते. 1.4 मीटर घेतलं की दोन पट्ट्या जोडून हवी ती लांबी मिळते आणि जोड एका चुणीच्या पोटात लपतो. फक्त दोन गोष्टी दुकानातच तपासा. दोन्ही काठ स्वच्छ विणलेले आहेत का, आणि नक्षी सममित आहे का. दुसरी पट्टी उलटी फिरवून जोडावी लागते. त्यामुळे ब्युकॅननसारख्या असममित टार्टनमध्ये रंगांचा क्रम उलटतो आणि जोड उघडा पडतो. तिथे एकाच काठाकडून 2.6 मीटर घेण्यावाचून इलाज नाही.

इतकं कापड परवडत नसेल तर चौकोनी पेटीसारख्या, दोन्हीकडे दुमडलेल्या बॉक्स चुण्या करा. पाच सेंटिमीटरच्या सहा पेट्यांना 90 सेंटिमीटर पुरतात, म्हणजे सगळं मिळून पावणेदोन मीटरच्या आत. ही लबाडी नव्हे. अठराव्या शतकाच्या शेवटी जेव्हा शिवलेल्या चुण्यांचे किल्ट दिसू लागले, तेव्हा ते असेच होते. एका बाजूला झुकलेल्या, सुरीच्या पात्यासारख्या चुण्यांचा रिवाज नंतरचा. थर कमी असल्याने मुलाच्या मागेही जाडी येत नाही.

चुण्या सुरीच्याच हव्या असतील तर आणखी एक निवड करायची असते. मागे अख्खी चौकट पुन्हा उमटवायची की प्रत्येक चुणीवर एकच उभी रेघ आणायची. दुसरी पद्धत लष्करी पलटणींची. पहिल्यांदा शिवणाऱ्याने तीच धरावी. प्रत्येक चुणीची खोली सारखी येते, आणि मुलाच्या कमरेत व बसण्याच्या घेरात फरकच थोडा असल्याने चुण्या वरती फारशा निमुळत्या कराव्या लागत नाहीत. मोठ्यांच्या किल्टमध्ये घाम काढणारं काम हेच, इथे ते जवळजवळ सुटतं.

मग पट्टे की बंडी? बेंबीजवळ पोट पुढे आलेल्या, कंबर नसलेल्या शरीरावर पट्ट्यांचा किल्ट टिकत नाही. घट्ट केला तर पोर रडतं, सैल ठेवला तर तो उतरतो आणि खालचा काठ गुडघ्याखाली येतो. पारंपरिक रचनेत उजवीकडे दोन पट्टे असतात आणि डावीकडचा तिसरा आतल्या पदराचा पट्टा चिरेतून बाहेर येतो. सहा-सात वर्षांच्या सडपातळ मुलाला ती बसते. त्याआधी मी बंडीच सुचवीन. वजन खांद्यावर जातं आणि वरून जॅकेट किंवा स्वेटर आला की बंडी दिसतही नाही.

बंडी किल्टला कायमची शिवू नका, बटणांनी जोडा. साध्या सुती कापडाची, खांद्यावर उघडणारी बंडी करा आणि तिच्यावर अडीच सेंटिमीटर अंतराने बटणांच्या दोन-तीन आडव्या ओळी लावा. किल्टच्या कमरपट्टीत काजं करा. या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर उंच होतं. किल्टला हेम नसल्याने खालून सोडायला काही नसतं, पण बटणांची ओळ बदलली की तोच किल्ट खाली येतो. सांडलेल्या डाळ-भाताचं काय, हा प्रश्नही सुटतो. बंडी मशीनमध्ये टाका, लोकर ओल्या फडक्याने पुसा. लांबी ठरवताना मुलाला गुडघ्यावर बसवा. काठ जमिनीपासून बोटभर वर राहिला की झालं.

वेळेचंही बघा. अनुभवी कारागीर मोठ्यांचा किल्ट हाताने 15 ते 20 तासांत करतो असं साधारण म्हणतात. मुलाचा निम्म्या वेळात होईल असं समजू नका. कापड कमी असलं तरी टाके बारीक लागतात. तीन आठवडे हाताशी असतील तर बंडीचा करा. एकच शनिवार-रविवार असेल तर भाड्याचा किंवा इलॅस्टिकचा, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

बाकी थोडक्यात. चुण्या काठापर्यंत कच्च्या टाक्याने धरून, ओलं फडकं ठेवून इस्त्री करा आणि तो दोरा किल्ट पुरा होईपर्यंत काढू नका. मोठ्यांच्या किल्टमध्ये शिवलेल्या भागाच्या आतलं जादा कापड जाडी कमी करायला कापतात. इथे कापू नका, घेर वाढवायचा झाला तर तेच कामाला येईल. वरचा पदर उजवीकडे संपतो आणि झालर त्याच कडेला येते. किल्ट पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदरांतून घातली तर कापड फाटतं. तीन वर्षांखालच्या मुलाला पिन नकोच, तिच्या जागी चपटं बटण टाका.