निकोटिनची दोन मिलिग्रॅमची गोळी : चघळायची कमी, धरायची जास्त

कोल्हापुरात बऱ्याच मेडिकलमध्ये गल्ल्याशेजारी, खोकल्याच्या गोळ्या आणि ओआरएसच्या पुड्यांच्या रांगेत, निकोटिनच्या च्युइंगमची पट्टी दिसते. कंपनी कुठलीही असो, गिऱ्हाईक एका ब्रँडचं नाव घेऊन 'निकोटेक्स द्या' एवढंच म्हणतं आणि दुकानदार पट्टी पुढे सरकवतो. दोघांपैकी कुणीच पुढचं बोलत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. सिगारेट सोडायला निघालेला माणूस दोन दिवस ही गोळी बबलगमसारखी चावतो, उचक्या लागतात, छातीत जळजळतं, आणि 'ह्यात काय दम नाही' म्हणून पट्टी ड्रॉवरमध्ये जाते. दम आहे. निकोटिन बदली उपचाराने, म्हणजे धुराऐवजी अशा गोळीसारख्या औषधातून निकोटिन घेतल्याने, सिगारेट सुटण्याची शक्यता नुसत्या निर्धाराच्या तुलनेत साधारण दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली आणि भारत सरकारने २०२२ साली हा उपचार अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातला, तो उगाच नाही.

गोळी दोन ताकदींत मिळते : २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम. दोनची चिठ्ठीशिवाय मिळते, चारचीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कुठली घ्यायची हे दिवसाला किती ओढता यापेक्षा सकाळी उठल्यावर पहिली कधी पेटते यावरून ठरवावं. डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर चार, त्यानंतर पेटत असेल तर दोन. बिडी ओढणाऱ्यालाही हाच नियम. अर्ध्या तासाच्या आतल्या गटातले लोक चिठ्ठीचा कंटाळा करून दोनच्या गोळीवर भागवायला बघतात आणि तिसऱ्या दिवशी पानपट्टीवर दिसतात.

आता चावण्याचं. वरचं आवरण कडक असतं, पहिल्या दाबाला कटकन फुटतं. पाच-दहा सेकंद पुदिन्याचा गोडवा, मग घशाच्या मागच्या बाजूला मिरपुडीसारखी चुणचुण. ही चुणचुण म्हणजेच निकोटिन सुटल्याची खूण. ती जाणवली की चावणं थांबवायचं आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. तंबाखूचा बार धरतात तशीच. मिनिटभराने चुणचुण ओसरली की पुन्हा चार-पाच वेळा हळू चावायचं आणि दुसऱ्या गालात धरायची. असं करत अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात आणि बरंचसं तिथंच मोडून पडतं. म्हणजे तलफ तशीच राहते, वर उचकी, मळमळ आणि जळजळ फुकट.

इथं एक खास कोल्हापुरी अडचण आहे. कांदा-लसणाची चटणी आणि तांबड्या रश्श्यावर पोसलेल्या जिभेला ही चुणचुण चुणचुण वाटतच नाही. परदेशी सूचनांत 'तिखट लागताच थांबा' असं लिहिलेलं असतं, आणि आपला माणूस तिखट लागायची वाट बघत पाच मिनिटं चावत बसतो. त्यामुळे चवीवर विसंबू नये. मोजून दहा-बारा चाव झाले की गोळी गालात, हा हिशेब बरा.

दुसरी मोठी चूक चहाची. गोळीत तोंडातली लाळ किंचित अल्कधर्मी करणारा क्षार घातलेला असतो, कारण तशा लाळेतच निकोटिन गालातून आत शिरतं. आंबट काही प्यायलं की हा मेळ बिघडतो आणि गोळी नुसतीच चिकट राहते. म्हणून गोळीच्या आधी १५ मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सोडा, कोकम, ताक काही नको. मिसळीवर लिंबू पिळून खाल्लं असेल तर खळखळून चूळ भरून पाव तास थांबावं. साधं पाणी चालतं.

हे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला अवघड वाटेल, कारण तिथं सगळा धूर चहाच्या सुट्टीत होतो. पण उलटा हिशेब लावला तर जमतं. गोळीचं निकोटिन रक्तात पुरतं चढायला २० ते ३० मिनिटं लागतात. सिगारेटचं दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. त्यामुळे तलफ आल्यावर गोळी काढणं म्हणजे उशीर झालेलाच. चहा साडेदहाला असेल तर गोळी ९.५० ला तोंडात टाकावी, १०.२० ला कागदात गुंडाळून फेकावी आणि मग चहाला जावं. त्या वेळी रक्तात निकोटिन असतं, हातात फक्त कप असतो. सकाळचंही तसंच : उठून चूळ भरली की आधी गोळी, अर्ध्या तासाने चहा. घरातल्यांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर कप बशीसकट समोर येतो आणि नियम पहिल्याच सकाळी मोडतो.

संख्येत लोक फार कंजुषी करतात. दोनच्या गोळीतून रक्तात जेमतेम एक मिलिग्रॅम पोचतं. दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणारा तीन गोळ्यांवर भागवू बघत असेल तर ते भागणार नाही. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान नऊ-दहा. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी, मग बंद. कमाल मर्यादा पाकिटावर छापलेली असते, ती ओलांडू नये. 'एक व्यसन सोडून दुसरं लागेल' या भीतीने लोक दहाव्या दिवशीच गोळी थांबवतात. सावकाश चढणाऱ्या निकोटिनची सवय धुराच्या मानाने फारच कमी जणांना लागते, आणि लागलीच तरी त्यात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. खर्चाची तक्रार खरी आहे. दिवसाला दहा गोळ्या म्हणजे सुरुवातीला सिगारेटच्या खर्चात फार बचत दिसत नाही. पट्टीची एमआरपी भागिले गोळ्या, गुणिले दहा, असा हिशेब आधीच मांडून घ्यावा म्हणजे मधेच हात आखडत नाही.

गोळी काय करत नाही, तेही सांगायला हवं. सोडल्यावर काही तासांतच त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतो : चिडचिड, झोपमोड, भूक, लक्ष न लागणं. गोळी याची धार कमी करते, शून्य करत नाही. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ जागा बदलली, पाणी प्यायलं, कुणाला फोन लावला तरी ती उतरते. बद्धकोष्ठ हा न सांगितला जाणारा त्रास. निकोटिन आतड्याला ढकलत असतं, ते कमी झालं की सकाळचं गणित बिघडतं. कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पेरू आणि चालणं, याने बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत मार्गी लागतं. भूक वाढते तेव्हा शेव-फरसाणाऐवजी फुटाणे किंवा काकडी जवळ असावी.

हातपाय थरथरणं आणि रात्री टक्क जाग, याचा दोष बऱ्याचदा गोळीला लावला जातो. खरा गुन्हेगार चहा असू शकतो. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन लवकर मोडतं. हे काम निकोटिन करत नाही, म्हणून गोळी चालू असली तरी धूर थांबला की कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि रक्तातलं प्रमाण दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. सहा कप पिणाऱ्याने तीनवर यावं, संध्याकाळनंतर नकोच. याच कारणाने थिओफायलिन (दम्याचं), क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारांची) यांसारखी औषधं चालू असलेल्यांनी धूर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं, कारण मात्रा बदलावी लागते. मधुमेहींनीही साखर जास्त वेळा तपासावी.

कट्ट्यावर गोळीची खरी परीक्षा. रंकाळ्यावर संध्याकाळी चौघे ओढत असताना पाचवा गालात गोळी धरून उभा राहिला की 'एक झुरका मार की भावा' येतंच. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण पानपट्टीवर ती एकेक मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि घसरगुंडी त्या एकीपासूनच सुरू होते. पहिले दोन आठवडे कट्टा बदलावा. गंगावेशीत दूध प्यायला जावं, तिथं निदान पेटवायची सवय जोडलेली नसते. एखादी ओढली गेलीच तर गोळी बंद करू नये, पुढची वेळेवर घ्यावी. मात्र सिगारेटच्या जागी मावा (तंबाखू-सुपारीचा) सुरू करणारे आपल्याकडे बरेच आहेत, त्यात काहीच सुटत नाही. हर्बल सिगारेटमध्ये निकोटिन नसलं तरी धूर तोच. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने विकायलाही बंद आहे.

जबडा दुखत असेल, कवळी असेल किंवा काउंटरवर सारखं तोंड हलवणं बरं दिसत नसेल तर चघळायच्या गोळीऐवजी लॉझेंज, म्हणजे निकोटिनची चोखायची गोळी, घ्यावी. ती चावायची नाही, फोडायची नाही, गालात इकडून तिकडे सरकवत विरघळू द्यायची. पूर्ण विरघळत असल्याने तिच्यातून निकोटिन थोडं जास्तच मिळतं. चहाचा नियम तिलाही लागू. जास्त ओढणाऱ्यांना पॅच (अंगावर चिकटवायचा, त्वचेतून निकोटिन देणारा) आणि गोळी एकत्र दिल्यावर नुसत्या गोळीपेक्षा चांगला गुण येतो, पण ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, ठोक्यांचा गंभीर त्रास असलेले, गरोदर स्त्रिया आणि १८ वर्षांखालची मुलं यांनी स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये. आणि चघळून झालेली गोळी लहान पोराच्या हाताला लागेल अशी कुठंही चिकटवू नये; तिच्यात निकोटिन उरलेलं असतं.

गोळीच्या जोडीला फोन. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा, मोफत. नंबर शोधायला नको, २०१८ पासून तो सिगारेटच्या पाकिटावरच छापतात. मराठीत बोलायचं आहे हे सुरुवातीलाच सांगावं. किती ओढता, कधीपासून, आधी सोडून पाहिलं होतं का असं विचारून सोडण्याची तारीख ठरवतात आणि नंतर स्वतःहून फोन करतात. सेवेचा खरा उपयोग या मागाहून येणाऱ्या फोनचा आहे, म्हणून अनोळखी नंबर कापू नये. वेळ सकाळी ८ ते रात्री ८ आणि सोमवारी बंद. आता आपल्याकडे सोडायचा मुहूर्त हमखास सोमवारचा निघतो, शंकराचा वार म्हणून. म्हणजे नेमक्या पहिल्या दिवशी लाइन बंद. त्यापेक्षा मंगळवार धरावा, अंबाबाईचा वार आहे आणि फोनही लागतो. बोलायचा संकोच असेल तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की सरकारी एमसेसेशनचे (मोबाइलवरून तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या योजनेचे) मेसेज सुरू होतात. मेसेज ठीक आहेत, पण बोलण्याची सर त्यांना नाही. समोरासमोर बसायचं असेल तर सीपीआरमध्ये (कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) केसपेपर काढतानाच तंबाखूमुक्ती समुपदेशनाची चौकशी करावी.

खरेदी करताना आधी एकच पट्टी घेऊन चव बघावी, कारण काहींना पुदिना सोसत नाही आणि मग दुसरी चव शोधावी लागते. जमली की ठरलेल्या मंगळवारच्या आधी आठवड्याचा साठा, म्हणजे साधारण सत्तर गोळ्या, एकदम आणावा. रात्री दहाला गोळी संपली की मेडिकलचं शटर खाली असतं आणि पानपट्टी उघडी. मुदतीची तारीख बघून घ्यावी. पट्टी उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नये, वरच्या खिशात ठेवावी, जिथं पाकीट असायचं तिथंच. आणि लायटर घरी.