बिलामागची खरेदी : मुंबई उपनगरातील वीज आणि पाइप गॅस सेवेचे परीक्षण

वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या घरगुती ग्राहकाला देशातील बहुतेक शहरांत नसलेली एक मुभा आहे, ती म्हणजे विजेचा पुरवठादार निवडण्याची. टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता येईल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तेव्हा उपनगरांत वीज वितरण करणाऱ्या रिलायन्सच्या तारांवरूनच टाटांची वीज घेण्याची कार्यपद्धती घालून दिली. रिलायन्सचा हा व्यवसाय ऑगस्ट २०१८ मध्ये अदानींकडे गेला, तरी निवडीची मुभा कायम राहिली. पाइप गॅसच्या बाबतीत मात्र महानगर गॅस ही एकच कंपनी आहे. या सेवांबद्दलचे अभिप्राय बहुधा ॲप किती सोयीचे आहे, फोन किती लवकर उचलला जातो, एवढ्यावरच थांबतात. माझ्या मते पुरवठादाराचा खरा कस त्याच्या खरेदीत लागतो, कारण आपण भरतो त्या पैशांतला सर्वांत मोठा वाटा वीज किंवा गॅस मिळवण्याच्या खर्चाचा असतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अदानींकडून टाटांकडे ‘चेंजओव्हर’, म्हणजे पुरवठादाराची अदलाबदल, केल्यावर घरात येणारी वीज वेगळी होत नाही. तारा, खांब, उपकेंद्रे तीच राहतात, तारांत बिघाड झाला तर दुरुस्तीही तारांच्या मालकालाच करावी लागते आणि त्या तारांचे भाडे म्हणून वहन आकार बिलात राहतोच. बदलते ते केवळ आपल्या वाट्याची वीज कोणी, कोठून आणि कोणत्या करारावर विकत घेतली याचे खाते. त्यामुळे वारंवार वीज जाते म्हणून पुरवठादार बदलणाऱ्याच्या पदरी निराशाच येण्याचा संभव अधिक. दराचा फरक पाहून बदलणारा मात्र योग्य प्रश्न विचारत असतो.

हे खाते कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. वितरण कंपनी गरजेचा मोठा भाग दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून ठेवते, काही भाग काही महिन्यांच्या करारांनी घेते आणि उरलेली तूट वीज बाजारातून भरून काढते. २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर दुसऱ्या दिवसाचे २४ तास पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत वाटून प्रत्येक भागासाठी बोली लावली जाते. जून २०२० पासून त्याच दिवशीच्या गरजेसाठीही बाजार भरतो. दुपारी सौरऊर्जेची रेलचेल असताना भाव पडतात आणि संध्याकाळी सात वाजता, घरोघरी एसी आणि दिवे एकदम सुरू होतात तेव्हा, ते एप्रिल २०२३ पासून ठरलेल्या युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडू शकतात. ज्याच्याकडे संध्याकाळची वीज आधीच बांधलेली आहे, तो पुरवठादार निर्धास्त असतो.

या कसोटीवर टाटांची जमेची बाजू सह्याद्रीत आहे. १९१५ चे खोपोली, १९२२ चे भिवपुरी आणि १९२७ चे भिरा ही जलविद्युत केंद्रे शतकभराची झाली असली किंवा त्या उंबरठ्यावर असली, तरी काही मिनिटांत सुरू करता येतात आणि मुळशीचे पाणी भिऱ्याला नेमके महागड्या वेळी सोडता येते. जोडीला ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र आहे. त्याचा कोळसा मात्र समुद्रमार्गे येतो आणि जागतिक भावांची झळ त्याला लागते. अदानींकडे डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्र आहे. पण त्यांच्या खात्यातील सर्वांत चांगली नोंद मला वाटते ती राजस्थानातील ७०० मेगावॅटच्या पवन-सौर संकरित प्रकल्पाची : युनिटमागे ३ रुपये २४ पैसे, २५ वर्षांसाठी. कोळसा वधारो की डॉलर वधारो, हा आकडा हलत नाही. (शहर भागातील वाचकांसाठी एवढेच, की कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज देणारी बेस्ट आपल्या विजेचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या टाटांकडूनच घेत आली आहे.)

स्वस्त वीज बाहेर उपलब्ध असूनही ती नेहमीच शहरात आणता येत नाही, ही मुंबईची जुनी अडचण. बाहेरून येणाऱ्या पारेषण वाहिन्यांची क्षमता मर्यादित असल्यामुळे महाग पडली तरी ट्रॉम्बेची वीज चालू ठेवावी लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि लोकलसह सारे शहर ठप्प झाले, तेव्हा ही मर्यादा सर्वांनाच कळली. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि ही कोंडी काहीशी सैल झाली.

खरेदी चांगली झाली की वाईट, हे ग्राहकाला कळते ते बिलावरील ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत. आयोगाने मंजूर केलेला खरेदीखर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक या ओळीतून वसूल होतो किंवा परत मिळतो, आणि त्याला वरची मर्यादाही घातलेली आहे. दोन पुरवठादारांची तुलना करताना केवळ मूळ दर न पाहता या ओळीचे गेल्या वर्षभराचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. ब्रिटनमध्ये २०२१ च्या हिवाळ्यात पंचवीसहून अधिक किरकोळ पुरवठादार बुडाले, त्यांतील अनेकांनी ग्राहकांना बांधील दर देऊन स्वतःची खरेदी मात्र पुढच्यासाठी पुरेशी बांधली नव्हती. आपल्याकडे ही ओळ असल्यामुळे कंपनी बुडत नाही, पण तिच्या चुकीच्या खरेदीचा भार आपल्याकडे येऊ शकतो. त्यावर आयोगाची छाननी हाच काय तो उपाय. दर ठरताना याचिका जाहीर होते, सुनावणी होते, सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदवता येते. सुनावणीला जाणारे मोजकेच असतात, ही गोष्ट वेगळी.

आता गॅसकडे वळू. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या सेवेबद्दल मला फारशी तक्रार नाही. सिलिंडर उचलणे नाही, नंबर लावणे नाही, आणि पुरवठ्यात घरांना पहिला मान. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या मुख्य वाहिनीला इजा होऊन वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनचा, म्हणजे गॅस शहराच्या जाळ्यात शिरतो त्या केंद्राचा, पुरवठा खंडित झाला, तेव्हा सीएनजी पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या, पण कंपनीने घरगुती पुरवठ्याला प्राधान्य दिले.

खरेदीतही घरांनाच प्राधान्य असते. जुन्या देशी क्षेत्रांतील स्वस्त गॅस केंद्र सरकार वाटून देते. एप्रिल २०२३ पासून त्याची किंमत भारत आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या १० टक्के अशी ठरते, आणि त्या वेळी तिला एमएमबीटीयूमागे ४ डॉलरचा तळ आणि साडेसहा डॉलरचे छत घालण्यात आले. एमएमबीटीयू हे गॅसमधील ऊर्जा मोजण्याचे एकक, एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण २५ ते २८ घनमीटर. म्हणजे साडेसहा डॉलरने घेतलेला घनमीटरभर गॅस कंपनीला वीस-बावीस रुपयांच्या आसपास पडतो, आणि त्यावर वाहतूक, शहरातील जाळे, कर व नफा चढतो. ही वाटणी अपुरी पडली की कंपनीला नव्या विहिरींचा महाग गॅस किंवा दहेज, दाभोळ येथे उतरणारा आयात द्रवरूप गॅस घ्यावा लागतो. युक्रेन युद्धानंतर त्याचे भाव भडकले आणि घरगुती दर घनमीटरला ५४ रुपयांपर्यंत चढला. एप्रिल २०२३ मध्ये नवे सूत्र लागू होताच तो ४९ वर आला. राज्याने एप्रिल २०२२ मध्ये नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला नसता, तर ही चढण आणखी उभी झाली असती.

सूत्र बदलले आणि दर लगेच उतरला, हे कंपनीच्या बाजूने नोंदवायला हवे. पण हा दर ठरवणारा आयोग नाही. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ परवाने देते, जाळ्याचे नियम ठरवते, किरकोळ दर मात्र ठरवत नाही. त्यामुळे याचिका नाही, सुनावणी नाही. मध्यरात्रीपासून नवा दर लागू, एवढी बातमी सकाळी वाचायची. त्या महिन्यात स्वस्त देशी गॅस किती आणि आयात किती, हे दोन आकडे बिलाच्या मागच्या बाजूला छापले तर दरवाढीचे कारण निदान समजेल. तोपर्यंत माझे गुण असे : वीज पुरवठ्याला, दोन्ही कंपन्यांना मिळून, पाचपैकी चार, गॅसला सेवेसाठी साडेचार आणि दराच्या पारदर्शकतेसाठी दोन.