‘फिट बसतो’ म्हणून विकलेला निगेटिव्ह कॅरियर

मोठ्या फॉरमॅटचं जुनं एन्लार्जर, म्हणजे मोठ्या निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढण्याचं यंत्र, हाती येतं तेव्हा त्यात बहुतेक वेळा निगेटिव्ह कॅरियर नसतो. लेन्स असते, बेलोज (लेन्समागची घडीदार नळी) शाबूत असतात, कधीकधी जुना दिवासुद्धा होल्डरमध्ये तसाच असतो. पण निगेटिव्ह धरणारी दोन पत्र्यांची ती चौकट गायब. कॅरियर सुटा भाग, खणात पडून असलेला. डार्करूम मोडली की एन्लार्जर एकीकडे जातं आणि खणातलं सामान दुसरीकडे. शिवाय सगळं एकत्र विकण्यापेक्षा कॅरियर वेगळे काढून विकले तर जास्त पैसे सुटतात, हे विकणाऱ्यांनाही कळून चुकलंय. हीच रिकामी जागा हेरून काही लोक धंदा करतात. त्यातल्या एकाची पद्धत मला पुरती पाहायला मिळाली, ती इथे मांडतो. नाव लिहीत नाही, कारण तो नावं बदलत असतो. पद्धत मात्र बदलत नाही.

आधी नावांचा घोळ सांगतो, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. बेसेलर, ओमेगा, ड्यूर्स्ट, डी व्हीअर या एन्लार्जर बनवणाऱ्या कंपन्या. ‘बेसेलरला बसतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. बेसेलरचं 23सी हे 6×9 सें.मी.पर्यंतच्या निगेटिव्हचं यंत्र, तर 45 मालिका 4×5 इंचाची. एकाचा कॅरियर दुसऱ्याला चालत नाही. ओमेगाचंही तसंच: बी-22 हे 6×6चं, डी मालिका 4×5ची. ड्यूर्स्टने आणि डी व्हीअरने निदान आकड्यांत खूण ठेवली आहे. ड्यूर्स्ट लॅबोरेटर 138 म्हणजे 13×18 सें.मी., 184 म्हणजे 18×24. डी व्हीअर 504 म्हणजे 5×4 इंच, 507 म्हणजे 5×7. पण जाहिरातीत नुसतं कंपनीचं नाव असलं की समोरच्याने काय विकायला काढलंय हे त्यालाही ठाऊक नसतं, किंवा चांगलंच ठाऊक असतं.

माझं एन्लार्जर बेसेलर 45. जाहिरात अशी होती: 4×5चा मूळ कंपनीचा कॅरियर, वरच्या पत्र्याला अँटी-न्यूटन काच, गरज पडल्यास तुमच्या यंत्राप्रमाणे जुळवून देऊ. फोटो उत्तम, प्रकाशासमोर धरलेल्या कॅरियरचे. एकाही फोटोत पट्टी नव्हती. विचारल्यावर मापं आली, तीही बरोबर होती. बरोबर असणारच, मूळ कॅरियरची मापं कुणालाही शोधता येतात. पैशांचे त्याने दोन भाग केले: कॅरियरची किंमत खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरून, आणि ‘जुळवणीची मजुरी’ थेट खात्यावर. मजुरी ही वस्तू नसल्यामुळे ती जाहिरातीत घालता येत नाही, असं त्याचं म्हणणं. ऐकायला पटण्यासारखं. या विभागणीचा खरा उपयोग पुढे कळतो.

पार्सल सुरेख बांधलेलं होतं. (माझा अनुभव असा की प्रामाणिक म्हातारे डार्करूमवाले वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतात आणि लबाड माणसं फोममध्ये.) आत काळाभोर, ताज्या रंगाचा वास असलेला कॅरियर. पन्नास वर्षांच्या मूळ वस्तूला ताज्या रंगाचा वास येत नाही. कापसाला थिनर लावून कड पुसली, तर खाली चकचकीत ॲल्युमिनियम आणि कानशीचे तिरके ओरखडे. एका कोपऱ्यात करवत रेघेच्या पुढे गेलेली, ती फट भरून वर रंग मारलेला. आणि खालच्या पत्र्यावर, खिडकीच्या (ज्या चौकोनी भोकातून निगेटिव्हवर प्रकाश जातो त्याच्या) कडेला, छोटे गोल ठिपके: रोल फिल्म सरळ रेषेत धरण्यासाठी असलेल्या खिळ्यांची घासून सपाट केलेली बुडं.

म्हणजे वस्तू बेसेलर 45चीच, पण 6×9च्या खिडकीची. 4×5चा म्हणून खिडकी कापून मोठी केलेली. आता हे काम स्वतःमध्ये गैर नाही. पुष्कळ लोक असंच करतात, कारण छोट्या खिडकीचे कॅरियर सहज मिळतात, 4×5चे दुर्मीळ. बाहेरचा आकार तोच असल्याने खिडकी नीट कापली तर कॅरियर उत्तम चालतो. फसवणूक दोन ठिकाणी होती. कापलेल्याला ‘मूळ’ म्हणणं ही एक. आणि कापताना पत्रा वाकवणं, ही माझ्या मते जास्त गंभीर.

कॅलिपर लावला. 4×5 म्हणून मिळणारी शीट फिल्म प्रत्यक्षात सुमारे 100 × 125 मि.मी. असते. तिची कड चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर धरली जावी म्हणून खिडकी साधारण 95 × 120 असायला हवी. या खिडकीची रुंदी एका टोकाला 96 आणि दुसऱ्या टोकाला 100च्या वर. त्या टोकाला फिल्मला आधारच नाही. शिवाय फिल्मच्या बाहेरून उघडा प्रकाश लेन्समध्ये शिरतो, आणि प्रिंटचा कॉन्ट्रास्ट त्या बाजूला उतरतो. काळे भाग करडे दिसतात. माणूस मग कागदाला आणि डेव्हलपरला दोष देत बसतो.

त्याहून वाईट होता वाक. कॅरियर सपाट जाड काचेवर ठेवला तर एका कोपऱ्याखालून अर्ध्या मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकत होती. अर्धा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण निगेटिव्हच्या जागी झालेला सरकाव ईझलवर (कागद धरणाऱ्या पाटावर) एन्लार्जमेंटच्या वर्गाच्या पटीत उतरतो. 4×5चं 16×20 करताना चौपट मोठं होतं, म्हणजे सरकाव सोळा पट: अर्ध्या मिलिमीटरचे आठ मिलिमीटर. 150 मि.मी.ची लेन्सचं छिद्र एफ-8वर असेल तर त्या कोपऱ्यात प्रत्येक ठिपका सुमारे 0.2 मि.मी.चा डाग होतो. हातात धरून पाहायच्या प्रिंटमध्ये हे डोळ्याला खुपतं. एफ-16 केलं तर डाग निम्मा होतो, पण एक्स्पोजर चौपट लांबतं, दिवा जास्त वेळ जळतो, निगेटिव्ह तापून आणखी फुगते. एका बाजूने ओढावं तर दुसऱ्या बाजूने उसवतं.

आणि काच. अँटी-न्यूटन काचेवर अतिशय बारीक खरबरीतपणा असतो, ज्यामुळे फिल्मची गुळगुळीत पाठ तिला पूर्ण चिकटत नाही आणि इंद्रधनुषी वलयं उमटत नाहीत. आलेली काच फोटोफ्रेमला लावतात ती चमकविरहित काच होती, दोन्ही बाजूंनी खरबरीत. ही लबाडी विशेष चलाख आहे, कारण नेहमीची परीक्षा ती पास होते. फिल्मची चकचकीत बाजू तिच्यावर टेकवा, तिरक्या प्रकाशात पाहा, वलयं दिसणार नाहीत. गडबड प्रिंटमध्ये कळते. फ्रेमच्या काचेचा पोत जाड असतो, तो निगेटिव्हला लागूनच असल्याने तिच्याबरोबर फोकसमध्ये येतो आणि आकाशासारख्या सपाट भागात डाग-डाग दिसतात. कंडेन्सरच्या (भिंगांनी एकवटलेल्या) थेट प्रकाशात जास्त, डिफ्यूजन (विखुरलेल्या प्रकाशाच्या) हेडमध्ये कमी. म्हणून डिफ्यूजनवाल्यांना अनेकदा पत्ताही लागत नाही. तपासायचं असेल तर एकसारख्या करड्या रंगाची निगेटिव्ह लावून हव्या त्या मोठ्या आकाराचं प्रिंट काढा. हीच एक खात्रीची कसोटी आहे. खऱ्या काचेचीही जागा वरचीच, खरबरीत अंग खाली, फिल्मच्या पाठीकडे. निगेटिव्हच्या खाली, लेन्सच्या बाजूला, ती कधी लावू नका.

तक्रार केल्यावर उत्तरं एका ठरलेल्या क्रमाने आली. तुम्हीही हा क्रम ओळखून ठेवा. पहिलं: तुमचं एन्लार्जर अलाइन नाही, म्हणजे निगेटिव्ह, लेन्स आणि कागद समांतर नाहीत. हे चतुर आहे, कारण जुनं एन्लार्जर अलाइन नसण्याची शक्यता खरोखरच मोठी असते आणि माणूस गप्प होतो. मी जाड माउंट बोर्डाचे दोन तुकडे कापले, 95 × 120ची खिडकी पाडली, एका कडेला कापडी टेपची बिजागरी केली आणि तीच निगेटिव्ह त्यात घालून प्रिंट काढलं. चारही कोपरे धारदार. यंत्र तेच, लेन्स तीच, फक्त कॅरियर पुठ्ठ्याचा. हा फोटो पाठवल्यावर दुसरं उत्तर आलं: फिल्म वळलेली असेल. ती पुठ्ठ्यात का वळत नाही, यावर उत्तर नव्हतं.

तिसरं उत्तर या सगळ्या धंद्याचा गाभा आहे. कॅरियर परत पाठवा, आणि सोबत एन्लार्जरच्या निगेटिव्ह स्टेजची (कॅरियर बसतो त्या जागेची) प्लेट स्क्रू काढून पाठवा, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर बसवून जुळवून देतो. मी प्लेटऐवजी पुठ्ठ्यावर तिचा आकार आखून, प्रत्येक अंतर दशांश मिलिमीटरपर्यंत लिहून देतो म्हटलं. कोणत्याही खऱ्या कारागिराला एवढं पुरतं. उलट तो खूश होतो. या माणसाला पुठ्ठ्यात रस नव्हता. नंतर ड्यूर्स्ट वापरणारा एक जण भेटला, त्याने प्लेट पाठवली होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे ती परत आलीच नाही, आणि काही काळाने ‘ड्यूर्स्टचा दुर्मीळ सुटा भाग’ म्हणून दुसऱ्या नावाने विक्रीला लागली. कॅरियर नसलेलं एन्लार्जर पुठ्ठ्यावर भागतं. स्टेजच नसेल तर ते भंगार.

पैशांचं म्हणाल तर कॅरियरची किंमत परत मिळाली, ‘मजुरी’ गेली. विभागणी त्यासाठीच होती: थेट पाठवलेल्या रकमेवर संकेतस्थळाचं संरक्षण नसतं. संकेतस्थळावर वाद चालला तेव्हा त्याचा युक्तिवाद होता की वस्तू बेसेलरला बसते, म्हणजे वर्णनाप्रमाणेच आहे. बसत होती हे खरंच. निकाल फिरला तो ‘मूळ’ या त्याच्याच शब्दावर आणि थिनरने पुसलेल्या कडेच्या फोटोवर. बिघडलेले प्रिंट तिथे कुणी पाहिले नाहीत. वाद ऐकणाऱ्याला एन्लार्जर म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, त्याला जाहिरातीतला शब्द आणि वस्तू यांतला फरक दाखवावा लागतो. म्हणून जाहिरातीची पानं विकत घेतानाच साठवून ठेवावीत. माझ्या बाबतीत ती दुसऱ्या दिवशी बदललेली होती. जाहिरातीतले फोटोही त्याचे नव्हते. वेगळ्याच विक्रेत्याने पूर्वी विकलेल्या कॅरियरचे होते, कोपऱ्यावरचा रंग उडालेला टवका जसाच्या तसा. चित्रावरून शोध घेतला की हे सापडतं.

विकत घेण्याआधी मी आता एकच फोटो मागतो: कॅरियर काचेवर किंवा आरशावर ठेवलेला, शेजारी स्टीलची पट्टी, आणि आज मी सांगेन तो शब्द लिहिलेली चिठ्ठी, सगळं एकाच चौकटीत. आरशात कॅरियर आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे का ते लगेच दिसतं. दुसरा फोटो खिडकीच्या आतल्या कडेचा, जवळून. कंपनीत कापलेली कड एकसारखी असते. कानशीची कड कितीही घासली तरी लाटा दाखवते. ज्याच्याकडे खरोखर वस्तू आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम. जो ‘मी तीस वर्षं या धंद्यात आहे’ असं सुरू करतो, त्याला सोडून द्या.

थ्रीडी प्रिंट केलेले कॅरियरही आता सर्रास येतात. प्रामाणिकपणे विकले तर वाईट नाहीत. पण साहित्य विचारा. पीएलए हे थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक 55 ते 60 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, आणि कंडेन्सर हेडमध्ये 150 वॅटचा दिवा असेल तर लांब एक्स्पोजरमध्ये तिथवर पोचणं अवघड नाही. ‘काळं इंजिनिअरिंग प्लास्टिक’ असं लिहिलेलं असेल तर ते पीएलएच समजा.

पुठ्ठ्याचा कॅरियर मी अजून वापरतो. धातूचा हवा असेल तर यंत्राची मापं घेऊन ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा लेझरने कापून घ्या, हाताने करवतू नका. कडा आतून किंचित तिरक्या घासा, बर (कापल्यावर कडेला उरलेले धारदार कंगोरे) काढा, नाहीतर पहिल्याच निगेटिव्हवर ओरखडा पडेल. रंग मॅट काळा, तोही पातळ, कारण दोन्ही पत्रे आणि रंग मिळून जाडी वाढली तर दिव्याचं घर नीट मिटत नाही आणि फटीतून प्रकाश कागदावर पडतो.

वादासाठी मी दिलेले फोटो आता त्याच्या नव्या जाहिरातीत आहेत. कापलेल्या कडेचे नव्हेत. माझ्या पुठ्ठ्याच्या कॅरियरमधून निघालेल्या प्रिंटच्या चार धारदार कोपऱ्यांचे, ‘आमच्या कॅरियरने काढलेलं’ अशा ओळीसह. चौकोनी फरशी आणि तिच्यावर पडलेली जिन्याच्या कठड्याची सावली असं ते चित्र आहे. कुठे दिसलं तर संकेतस्थळाकडे तक्रार नोंदवा, मी मूळ निगेटिव्हचा फोटो देईन.