रिंग, लॉक, इरेज: काही महिन्यांचा वापर, एक चोरी आणि ते विमानाचं बटण

फोन हरवला तर दुसऱ्या फोनवरून तो वाजवा, लॉक करा, पुसून टाका, ही सोय आता बहुतेकांना माहीत आहे. आधी फाइंड माय डिव्हाइस नाव होतं, 2025 पासून फाइंड हब. ती चालू कशी करायची हे सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते लॉक स्क्रीनवर वरून खाली ओढता येणाऱ्या पट्टीबद्दल, जिच्यात विमानाचं चित्र असतं. फोन लॉक आहे, पिन माहीत नाही, बोटाचा ठसा नाही, तरी कोणीही सोम्यागोम्या वरून बोट ओढतो, विमानावर टेकवतो, फोनचं नेटवर्क तुटतं आणि तुमच्या सगळ्या कमांड लटकत राहतात. फोन विकताना ही पट्टी ज्यांनी उघडी ठेवली, त्यांना एकदा यात्रेच्या गर्दीत खिशात फोन घालून उभं करायला पाहिजे.

पण क्रमाने सांगतो, कारण सुरुवातीला माझं मत फार चांगलं होतं.

माझं कोरेगावला कृषी सेवा केंद्र आहे, राहायला साताऱ्यात. दिवसभर फोन हातात कमी आणि पोत्यांवर जास्त. खरिपाच्या धांदलीत एकदा फोन गोदामात कुठेतरी राहिला, तोही सायलेंटवर. मिस्ड कॉल देऊन काय उपयोग? मुलीच्या फोनवर माझं खातं उघडलं आणि 'आवाज वाजवा' दाबलं. फोन सायलेंटवर असला तरी ही रिंग पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजते. आमचा हमाल पळत आला, "शेठ, खतात काय तरी वराडतंय!" युरियाच्या थप्पीमागे पडला होता. त्या दिवसापासून घरात ही सोय इतकी अंगवळणी पडली की टीव्हीचा रिमोट का असा वाजत नाही म्हणून बायको तक्रार करते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच गुण दिले असते.

मग ज्या दुकानातून हा 14,000 चा फोन घेतला, त्यांनी 899 रुपयांचा 'संपूर्ण सुरक्षा' प्लॅन गळ्यात मारला होता, त्याचं काय? त्यात स्वतंत्र अँटी-थेफ्ट ॲप होतं. चोराचा फोटो काढतं, सिम बदललं की मेसेज पाठवतं, वगैरे. हे ॲप फोनच्या बॅटरी सेव्हरने मागच्या मागे बंद पाडलेलं असायचं. चीनकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये हे होतं. बॅटरी वाचवायची म्हणून मागे चालणारी ॲप मारून टाकतात आणि मग पहारेकरीच झोपतो. सेटिंगमध्ये जाऊन 'निर्बंध नाहीत' केलं की काही दिवस चालायचं, फोन अपडेट झाला की पुन्हा पहिले पाढे. तरी म्हटलं, पैसे गेलेत, राहू दे.

गेल्या मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथाला गेलो होतो. बहीण खटाव तालुक्यात दिलेली, त्यामुळे दाजी बरोबर. अमावास्येला रथ निघतो, भाविक त्याला नोटांच्या माळा वाहतात आणि रथाजवळ मुंगी शिरायला जागा नसते. माळ वाहून मागे फिरलो, तर शर्टाचा खिसा हलका. दाजींच्या फोनवरून रिंग दिली. दोनदा वाजला, कट झाला, पुढच्या वेळेला संपर्कक्षेत्राबाहेर.

दाजींच्या फोनवर ब्राउझरमध्ये अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश फाइंड उघडलं, पासवर्ड टाकला. पुढे काय? 'तुम्हीच लॉग इन करताय का, ते तुमच्या फोनवर होय म्हणा.' कुठल्या फोनवर, तर चोराच्या खिशातल्या! दुसरा मार्ग ओटीपीचा, तो येणार त्याच सिमवर. दोन पायऱ्यांची पडताळणी लावलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग एकदा डोळ्यांसमोर आणावा. यावरचा उतारा म्हणजे बॅकअप कोड. गूगल खात्यात एका वेळी असे 10 कोड मिळतात, प्रत्येक 8 आकडी, एक एकदाच चालतो. मी ते कागदावर लिहून घरी देवघराच्या खणात ठेवले होते. बायकोला फोन लावला. इकडे ढोल, झांजा, "सेवागिरी महाराज की जय", आणि तिकडून ती एकेक आकडा ओरडून सांगतेय. "अहो, सात म्हणाले, साठ नाही!" शेवटी खातं उघडलं. नकाशावर ठिपका दिसला तो यात्रेच्या मैदानातला, वीसेक मिनिटांपूर्वीचा. लॉकची कमांड दिली, वर दाजींचा नंबर आणि 'फोन सापडल्यास कृपया कळवा' असा मजकूर टाकला. उत्तर काय, तर फोन इंटरनेटला जोडला गेला की कमांड लागू होईल.

म्हणजेच ते विमान.

बंद फोनचाही पत्ता लागतो असं कोणी सांगेल. अर्धं खरं आहे. नव्या पद्धतीत इंटरनेट नसलेला फोन ब्लूटूथवरून आजूबाजूच्या अँड्रॉइड फोनना आपली खूण देतो आणि ते ठिकाण कळवतात. पूर्ण बंद झालेल्या फोनला हे जमतं ते मोजक्या महागड्या मॉडेलमध्येच. शिवाय मूळ सेटिंग असतं 'फक्त वर्दळीच्या ठिकाणी', म्हणजे एकापेक्षा जास्त फोनना खूण दिसली तरच. साताऱ्यात पोवई नाक्यावर ठीक आहे. पुसेगावच्या पुढे माळरानावरच्या रस्त्याला कुठली वर्दळ? तिथे 'सर्व ठिकाणी' हा पर्याय निवडून ठेवलेला असावा लागतो. हे सेटिंग बदलायला अर्धा मिनिट पुरतो, आजच बदला.

दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट सिम. इथे मला खरा संताप आला. सिम तासाभरात सुरू झालं, पण सिम बदललं की 24 तास त्याच्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. नियमच आहे तसा. चोराने तुमच्या नावाने सिम काढून ओटीपी लंपास करू नयेत म्हणून केलाय, त्यामागचं कारण पटतं. पण ज्याचा फोन गेलाय त्याचा एक अख्खा दिवस जातो. यूपीआय नव्या फोनवर सुरू करायचं तर सिमवरून एसएमएस जावा लागतो. बँकेचा ओटीपी नाही. सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करायचा तर तिथेही सिमच्या त्याच नंबरवर ओटीपी. काउंटरवरच्या पोराशी मी भांडलो, पण त्या बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं. दुकानातला साउंडबॉक्स मात्र "प्राप्त झाले" म्हणत राहिला. त्यात त्याचं स्वतःचं वेगळं सिम असतं, त्यामुळे माझा फोन गेल्याचं त्याला सोयरसुतक नाही. गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात येत होते, मला खातं बघता येत नव्हतं एवढंच.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. फोनचं बिल आणि आयएमईआय मागितला. खोक्यावर असतो, बिलावरही असतो, *#06# दाबून आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा, फोन गेल्यावर दाबायला फोनच नसतो. तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र जोडून मे 2023 पासून देशभर सुरू असलेल्या संचार साथीवर अर्ज केला, तर 24 तासांत तो फोन भारतातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो. पुढे त्यात कोणी सिम घातलं तर त्याची नोंद पोलिसांपर्यंत जाते.

इथे एक पेच आहे, तो मला कोणी सांगितला नव्हता. आयएमईआय ब्लॉक झाला की त्या फोनला मोबाइल डेटा मिळणार नाही. मग तुमची लॉक आणि इरेजची कमांड पोचायला फक्त वायफायचा रस्ता उरतो. एक दोर सरकारचा, एक गूगलचा, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. त्यातून माझं मत असं झालं की आधी गूगलवरून कमांड सोडून ठेवायची, मग सिम बंद, मग बँक आणि यूपीआय, आयएमईआय शेवटी. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून आधी 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

आता लॉक कमांडबद्दल. महिनाभर मी तिच्यावर भिस्त ठेवून होतो. नंतर शांतपणे विचार केला, तर ज्या फोनला पिन आहे आणि जो खिशातून गेलाय तो आधीच लॉक असतो. कमांडने त्यात भर पडते ती पडद्यावरच्या मजकुराची आणि नंबरची. सापडलेला फोन परत करणाऱ्या भल्या माणसासाठी ते ठीक, चोराला त्याचं काय? खरं काम करते ती इरेज. पण इरेज झालं की नकाशावर फोन दिसत नाही, म्हणून हात धजत नव्हता. आत मुलीचे लहानपणचे फोटो होते. त्यांचा बॅकअप आहे हे माहीत असूनही धजत नव्हता.

एका संध्याकाळी फोन ऑनलाइन आल्याची मेल आली. पुणे जिल्ह्यातली एक गल्ली, बहुधा कुणाच्या तरी वायफायवर. लॉक लागू झालं होतं. पत्ता पोलिसांना कळवला. असल्या ठिपक्याचा पाठलाग स्वतः करायचा नसतो, एका इमारतीत किती घरं असतात हे नकाशा सांगत नाही. रात्री फोन अजून ऑनलाइन दिसत होता. तेव्हा इरेज दाबलं. पूर्ण झाल्याचं दिसलं आणि ठिपका गेला. फोन परत आला नाही. पण आतलं सगळं गेलं, आणि रीसेट झालेला फोन पुन्हा सुरू करताना जुनं गूगल खातं मागतो, त्यामुळे चोराला मिळाला डिस्प्ले आणि बॅटरी. मेमरी कार्ड असेल तर ते इरेजने पुसलं जाईलच असं नाही, हे लक्षात ठेवा. माझ्यात नव्हतं.

आणि तो 899 चा प्लॅन! क्लेमला फोन केला तर, "सर, खिसा कापला असेल तर कव्हर नाही. जबरदस्तीने हिसकावल्याचा एफआयआर लागेल." म्हणजे मी चोराला विनंती करायला हवी होती की बाबा रे, जरा धक्काबुक्की कर. अटी वाचल्या, अगदी बारीक अक्षरात तसंच लिहिलंय. ॲपने चोराचा एकही फोटो काढला नाही, कारण ते झोपलं होतं. 899 रुपये पाण्यात. फुकटचं काम करतं आणि विकतचं झोपतं, हा अनुभव मी प्रत्येक गिऱ्हाइकाला खताबरोबर मोफत देतो.

नवा फोन घेताना मी कॅमेरा विचारला नाही. दुकानदाराला म्हटलं, फोन लॉक कर आणि वरची पट्टी ओढून दाखव. तो बघतच राहिला. तीन फोन बघितले, दोन्ही स्वस्तातल्यांत पट्टी उघडी. तिसऱ्यात सेटिंगमध्ये ती लॉक स्क्रीनवर बंद करता येते आणि फोन बंद करायलाही पिन मागायला लावता येतो. हजार रुपये जास्त गेले, मनाला लागले, पण दिले. तुमच्या फोनमध्ये हे सेटिंग कुठल्याही नावाखाली लपलेलं असू शकतं. सेटिंगच्या शोधपेटीत 'लॉक स्क्रीन' टाकून बघा.

2024 च्या शेवटाकडे अँड्रॉइडमध्ये आलेल्या चोरीविरोधी सोयीही चालू केल्या. आवृत्ती 10 किंवा पुढची लागते. एक, फोन हिसकावून कोणी पळालं तर हालचालीवरून ओळखून पडदा लॉक होतो. मला ही निव्वळ जाहिरात वाटली होती. भाच्याला सांगितलं, मी मेसेज लिहितोय, हातातून ओढ आणि पळ. तो अंगणातून जो सुटला तो थेट रस्त्यावर. फोन लॉक! नंतर त्याला हा खेळच झाला, प्रत्येक वेळेला आइस्क्रीम मागतो. दोन, इंटरनेट तोडून ठेवलं तर फोन स्वतःच लॉक होतो, त्यामुळे विमानवाल्याला थोडा तरी चाप. तीन, अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉकवर पासवर्डशिवाय, नुसत्या मोबाइल नंबरवर पडदा लॉक करता येतो. हा नंबर मात्र आधी पडताळून ठेवावा लागतो. यात्रेत ही सोय हाताशी असती तर बायकोचा घसा वाचला असता.

सिमलाही पिन लावलाय, चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेऊ नयेत म्हणून. कंपनीचा मूळ पिन आधी माहीत करून घ्या. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कोड मागतो, आणि मग कंपनीच्या दारात.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. ते पाटणकडे गावी असतात, रिचार्ज फक्त कॉल आणि एसएमएसचा. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायच्या डिसेंबर 2024 च्या आदेशानंतर असे पॅक पुन्हा मिळायला लागले, आणि बाबांना नेट नकोच आहे. तिथे गूगलची कमांड पोचणारच नाही. त्यांच्या फोनवर एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या भांडारातून एफएमडी नावाचं फुकट, मुक्त स्रोताचं ॲप टाकलंय. ठरवलेल्या नंबरवरून एसएमएस पाठवायचा: 'एफएमडी रिंग' म्हटलं की वाजतो, 'एफएमडी लोकेट' म्हटलं की ठिकाण एसएमएसने परत येतं. शब्द इंग्रजी अक्षरांतच टाकायचे. एसएमएस वाचायची परवानगी द्यावी लागते, म्हणून नंबरांची यादी नीट ठेवा. बॅटरी सेव्हरमधून मात्र त्यालाही सोडवावं लागलं. सिम काढलं की हेही संपलं, पण बाबांचा फोन चोरापेक्षा गवताच्या गंजीत जास्त हरवतो. परवा आईने दोन वेळा एसएमएस करायला लावला. दुसऱ्यांदा फोन बाबांच्याच बंडीत होता.

माझे गुण: रिंगला पाच, इरेजला चार, लॉकला अडीच. उघड्या पट्टीच्या फोनला शून्य, मग त्याचा कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असो.