अभ्यास-बायबल घेताय? आधी टीपा नीट पाहा

वर वचन आणि खाली टीपा, अशा मांडणीचं हे अभ्यास-बायबल मी रोज वापरते. नकाशे उत्तम आहेत. समासात संदर्भ-वचनं असल्यामुळे येशूचं जीवन सांगणाऱ्या एका शुभवर्तमानातून दुसऱ्यात पटकन जाता येतं. तेवढ्यासाठी जरूर घ्या. माझी तक्रार टीपांबद्दल आहे.

लूकच्या शुभवर्तमानातलं १०:३८-४२ घ्या. मार्था पाहुणचाराच्या धावपळीत, तिची बहीण मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली. टीप म्हणते, मार्था म्हणजे संसारात गुंतलेलं मन. झालं, एका ओळीत निकाल! अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं मी कित्येक वर्षं केलं. प्रार्थनेला बसलं की आतून त्यांची हाक यायचीच. त्यामुळे ‘मी एकटीच राबतेय, तुम्हाला काहीच वाटत नाही का?’ हा मार्थाचा सवाल मला प्रार्थनाच वाटतो. ती कुढत बसत नाही, थेट प्रभूला विचारते. तोही ‘मार्था, मार्था’ अशी दोनदा हाक मारतो. त्यात मला माया ऐकू येते. हीच मार्था योहान ११:२७ मध्ये, भाऊ लाजर थडग्यात असताना, येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी कबुली देते. मत्तय १६ मध्ये येशूचा शिष्य पेत्र देतो तीच कबुली! पेत्रासाठी इथे अर्धं पान टीप आहे, मार्थाच्या वाट्याला दोन ओळी.

टीपकाराच्या श्रद्धेवर मला शंका नाही. तो त्याच्या जागेवरून वाचतो, मी माझ्या. हे जुनंच आहे. १५६० चं जिनिव्हा बायबल छळापायी देश सोडलेल्या इंग्रजांनी काढलं. इब्री मुलगे जन्मताच मारा, ही मिसरच्या राजाची, फारोची, आज्ञा इब्री सुइणींनी मोडली ते रास्तच होतं, अशी टीप त्यांनी बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाशेजारी घातली. इंग्लंडचा राजा जेम्स याला ती १६०४ मध्ये खटकली, आणि त्याने करवून घेतलेल्या १६११ च्या भाषांतरात असली भाष्यं आलीच नाहीत. सुइणी मात्र वचनात तशाच राहिल्या.

म्हणून मी टीपांवर कोरा कागद ठेवून उतारा वाचते, मनात आलेलं समासात लिहिते, मग कागद काढते. पेन्सिलच वापरा, पान फार पातळ आहे.

प्रकाशकांना विनंती: प्रत्येक टीपेखाली लिहिणाऱ्याचं नाव, मंडळी (चर्च) आणि काम छापा. एखादी टीप आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईकडूनही लिहून घ्या. आणि समास आणखी बोटभर रुंद करा; योहान ११ ला माझं लिखाण आताच छापील ओळींवर चढलंय.