लघवी, लाळ की केस? अमली पदार्थांची तपासणी निवडण्याआधी नमुना अस्सल आहे का ते पाहा

गोव्यात वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला ड्रायव्हर पुरवणारा कंत्राटदार, वास्कोतून बोटीवर नोकरीला मुलं पाठवणारा एजंट, कळंगुटला हॉटेल चालवणारा मालक. लॅबमध्ये आल्यावर या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाच पॅनल घेऊ की दहा, म्हणजे एका नमुन्यात पाच अमली पदार्थ तपासू की दहा? नमुने घेण्याच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, की हा प्रश्न नंतरचा आहे. बाटलीत आलेली लघवी त्याच माणसाची, आत्ताची आणि काहीही न मिसळलेली आहे याची खात्री कोण देणार, हे आधी ठरवा. ते ठरलं नसेल तर पॅनल कितीही मोठं घ्या, 'निगेटिव्ह' या शब्दाला काही किंमत उरत नाही.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ऑफिसातच वापरायचं स्ट्रिप किट. पाच मिनिटांत निकाल येतो. पण ते वाचताना गफलत होते: टी (टेस्ट) रेषा उमटली तर निगेटिव्ह, उमटली नाही तर पॉझिटिव्ह. रेषा फिकट असली तरी ती निगेटिव्हच धरायची. या स्ट्रिपमधली प्रक्रिया प्रतिपिंडांवर चालते आणि लघवीची आम्लता किंवा त्यातले क्षार फार बिघडले तर ती कोणत्याही बाजूला घसरू शकते. म्हणजे भेसळीमुळे खरा पॉझिटिव्ह लपतोच, पण कधी खोटा पॉझिटिव्हही दिसतो. शिवाय भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ झाली तर पदार्थ ठरलेल्या मर्यादेखाली जातो आणि साधी स्ट्रिप त्याबद्दल काहीच सांगत नाही. किटच वापरायचं असेल तर क्रिएटिनिन (स्नायूंतून लघवीत येणारा नेहमीचा घटक), विशिष्ट गुरुत्व (लघवीचा दाटपणा), पीएच (आम्लता) आणि भेसळीला वापरली जाणारी नायट्राइट व ऑक्सिडंट रसायनं तपासणारी वेगळी पट्टी असलेलंच घ्या. या पट्टीशिवायचं किट मी कोणालाच सुचवत नाही.

लॅबचा मार्ग महाग आणि संथ आहे, पण भेसळीचा प्रश्न खऱ्या अर्थानं तिथेच सुटतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या तपासणी नियमांतले आकडे जगभर मापदंड म्हणून वापरले जातात, ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. नमुना दिल्यापासून ४ मिनिटांच्या आत त्याचं तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सियस भरायला हवं. क्रिएटिनिन दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्वही कमी असेल, तर नमुना पातळ. क्रिएटिनिन २ च्या खाली गेलं आणि विशिष्ट गुरुत्वही शरीराला न शोभणारं असेल, तर ती माणसाची लघवीच मानत नाहीत. नायट्राइट दर मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर सरळ भेसळ. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातही नायट्राइट तयार होतं, पण ते या आकड्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे आजारी माणूस यात उगाच अडकत नाही.

अनेकांना वाटतं, की स्ट्रिप फसली तरी लॅबमधलं जीसी-एमएस, म्हणजे पदार्थ नेमका ओळखणारं यंत्र, सत्य शोधून काढेल. गांजाच्या बाबतीत हे नेहमी खरं नाही. ऑक्सिडायझिंग रसायन मिसळलं की गांजाचा लघवीत उतरणारा अंशच मोडून जातो. जे नमुन्यात उरलंच नाही ते कितीही भारी यंत्राला सापडणार नाही. म्हणून भेसळीची चाचणी हा अहवालातला स्वतंत्र रकाना असला पाहिजे.

आपल्या हवेचाही इथे संबंध येतो. मे महिन्यात गोव्यात सावलीतही पारा ३३ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे बाहेरून आणलेलं पाणीही त्या ३२ ते ३८ मध्ये बसू शकतं. थंड देशात बाटलीवरची तापमानाची पट्टी जितकी बोलते तितकी ती इथे बोलत नाही, म्हणून नमुना घेण्याच्या खोलीची शिस्त जास्त महत्त्वाची: ओळखपत्र पाहणं, पिशवी बाहेर ठेवणं, आतला नळ बंद, फ्लशच्या पाण्यात निळा रंग, म्हणजे ते नमुन्यात मिसळलं तर लगेच दिसतं. आणि पेडण्याहून किंवा काणकोणहून नमुना उन्हात तापलेल्या गाडीतून आला तर त्याचा पीएच आपोआप ९ च्या आसपास चढू शकतो. त्या माणसानं काहीही केलेलं नसतं. बर्फाचा डबा द्या, एवढंच सांगणं आहे.

पातळ नमुन्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. उन्हात राबणारा माणूस पाणी पिणारच. बारीक चणीच्या बायकांत आणि शाकाहारी लोकांत क्रिएटिनिन मुळात कमी असतं. पातळ नमुना म्हणजे चोरी पकडली असं समजून कोणाची नोकरी घालवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी मागा. भेसळ सिद्ध झालेला किंवा बदललेला नमुना मात्र तपासणीला नकार दिल्यासारखा धरणं योग्य आहे.

लाळेच्या चाचणीचा मोठा गुण म्हणजे नमुना डोळ्यांसमोर घेता येतो आणि कोणाची लाजही जात नाही. दहा मिनिटं तोंडात काही नको, मग पट्टी गालात धरायची. बदलाबदलीला वावच कमी. उणीव अशी, की लाळेत पदार्थ साधारण एक ते दोन दिवसच दिसतो. लघवीत मात्र कोकेनचा अंश दोन ते चार दिवस आणि रोज गांजा ओढणाऱ्याचा तर महिनाभरही दिसू शकतो. गांजा पकडण्यात झटपट लाळ-किट कमीही पडतात. पण आज रात्री बस घेऊन घाट चढणाऱ्या ड्रायव्हरबद्दल तुम्हाला हवी असते ती कालपरवाची माहितीच. तिथे माझं मत लाळेला.

केस सुमारे ९० दिवसांचा इतिहास सांगतात आणि त्यात भेसळ करणं अवघड, पण शेवटच्या आठवड्यातलं सेवन त्यात दिसत नाही. गडद केसांत कोकेनसारखे काही पदार्थ जास्त धरून राहतात, हेही आपल्याकडे विसरू नये.

हॉटेलवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत फिरणारं एलएसडी नेहमीच्या पॅनलमध्ये येतच नाही आणि एमडीएमएसाठी (एक्स्टसी) वेगळी पट्टी लागते. उलट शागोतीतली खसखस मॉर्फिनची रेषा बिघडवू शकते. याच कारणानं अमेरिकेनं १९९८ मध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा दर मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. तुमच्या किटवर कोणता आकडा आहे ते पाहा. कोडीनचं खोकल्याचं औषधही हेच करतं, म्हणून आधी औषधांची यादी लिहून घ्या.

तेव्हा रोजच्या ड्युटीसाठी लाळ, बोटीवर पाठवण्याआधी किंवा नोकरी देताना भेसळ तपासणीसह लॅबमधली लघवी, आणि स्ट्रिप फक्त चाळणी म्हणून. विमान कर्मचाऱ्यांसाठी ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नियमांतही पहिल्या चाचणीवर कोणाला दोषी धरत नाहीत. खात्रीची चाचणी होईपर्यंत फक्त ड्युटीवरून बाजूला ठेवतात. तुम्हीही नमुना दोन बाटल्यांत सील करून घ्या. दुसरी बाटली त्या माणसाच्या हक्काची. तिच्या तपासणीचा खर्च कोण देणार हे नोकरीच्या करारातच लिहा, कारण निकाल लागल्यावर भांडण त्यावरच सुरू होतं.